छत कापडाचं, मग अलार्म कशासाठी?

दिवाळीत सोसायटीत फटाक्यांची माळ लागली, की पार्किंगमधल्या चार-पाच गाड्या एकदम केकाटायला लागतात. आणि कोणीही खिडकीतून डोकावत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात कार अलार्म म्हणजे हेच.

मग जर्मनीत येऊन तीन-चार वर्षं होतात. पगार बरा असतो, एप्रिलमध्ये ऊन पडतं आणि कुणीतरी जुनी माझदा एमएक्स-५, बीएमडब्ल्यू झेड-४ किंवा पोर्शं बॉक्सस्टर विकायला काढलेली दिसते. दोन सीट, वर कापडाचं छत. गाडी रात्री रस्त्यावरच उभी राहणार, कारण गॅरेज परवडत नाही. तेव्हा प्रश्न पडतो: हिला अलार्म लावायचा का, आणि लावायचा तर कोणता?

पॉडकास्टमध्ये सुरक्षेचा विषय निघाला की आपण आधी एकच गोष्ट विचारतो: वाचवायचं काय, आणि कुणापासून? इथेही तेच करू. कारण 'गाडीची चोरी' या एका शब्दात किमान तीन वेगळ्या घटना दडलेल्या आहेत: अख्खी गाडी नेणं, आतली बॅग नेणं, आणि यातलं काहीच न करता छत फाडून ठेवणं.

गाडी नेण्यापासून कोण वाचवतं?

अख्खी गाडी वाचवण्याचं मुख्य काम अलार्म करत नाही, इमोबिलायझर करतो. जर्मनमध्ये त्याला 'वेगफारश्पेरं' म्हणतात. किल्लीत एक छोटी चिप असते. गाडीने त्या चिपशी गुप्त खूण जुळवल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९९३ मध्ये जर्मनीत विमा असलेल्या एक लाखाहून जास्त गाड्या चोरीला गेल्या होत्या. २०२३ मध्ये हा आकडा साधारण साडेचौदा हजार होता. अर्थात, यामागे इतरही कारणं आहेत. पण यान व्हान आउर्स आणि बेन फोलार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्सच्या आकडेवारीवरून हिशोब मांडला, तेव्हा इमोबिलायझरच्या सक्तीमुळे तिथल्या चोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या असं निघालं.

म्हणजे १९९८ नंतरची गाडी घेत असाल तर पहिली भिंत आधीच उभी आहे. अलार्म मात्र बऱ्याच जर्मन गाड्यांत जादा पैसे देऊन घ्यायची गोष्ट होती. जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'डीब्श्टालवार्नआनलागं' किंवा नुसतं 'डीडब्ल्यूए' लिहिलंय का ते बघा. डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकतो म्हणून अलार्म असेलच असं नाही. तो कधीकधी फक्त दरवाजे लॉक असल्याची खूण असतो.

कापडाखाली कोणता सेन्सर?

साध्या अलार्मला फक्त दरवाजे, बॉनेट आणि डिकी उघडल्याचं कळतं. ज्याने चाकूने छत कापलं आणि आत हात घातला, त्याने यातलं काहीच उघडलेलं नसतं. अलार्म गप्प. म्हणून कन्व्हर्टिबलला आतली हालचाल ओळखणारा सेन्सर लागतो, आणि घोळ इथेच होतो.

बंद छताच्या गाडीत सहसा अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी तो सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींत फरक पडला की बोंब मारतो. या लहरी हवेतून जातात, त्यामुळे हवा हलली तरी फरक पडतो. पत्र्याच्या गाडीत काचा लावल्या की हवा स्थिर असते. कापडी छत मात्र वाऱ्याने किंवा शेजारून ट्रक गेला तरी आतबाहेर होतं. छत उघडं असेल तर मग विचारूच नका.

म्हणून अशा गाडीला मायक्रोवेव्ह, म्हणजेच रडार सेन्सर घ्यावा. तो रेडिओ लहरी वापरतो. त्यांना वाऱ्याचं फारसं देणंघेणं नसतं, पण माणसाच्या शरीरावरून त्या चांगल्या परततात. अडचण एकच: या लहरी कापडातून आरपार जातात. त्यामुळे संवेदनशीलता जास्त ठेवली, तर फूटपाथवरून कुत्रं घेऊन जाणाऱ्या आजोबांनाही सेन्सर चोर समजतो. पट्टा सीटपुरता ठेवून घेणं हे बसवणाऱ्याचं खरं कौशल्य. पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच तपासा. छत बंद करून गाडीशेजारून चाला, अलार्म वाजता कामा नये. मग छत उघडून सीटवर हात घाला, वाजलाच पाहिजे.

दुसरा उपयोगी भाग म्हणजे कल मोजणारा सेन्सर. गाडी क्रेनने उचलली किंवा चाकं काढायला जॅक लावला, की तो जागा होतो. तिसरा, स्वतःची बॅटरी असलेला सायरन. गाडीची वायर तोडली तरी तो ओरडतो. मात्र दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत ही आतली बॅटरी गळून गेलेली असू शकते, आणि मग मध्यरात्री उगाच वाजणाऱ्या अलार्ममागे बऱ्याचदा तीच असते.

न वाजणारी चोरी

आता अशी चोरी बघू, जिच्यात चांगला अलार्मही चूपचाप बंद होतो. खिशातून किल्ली न काढता दार उघडणारी गाडी असेल, तर चोर दोघं येतात. एक गाडीजवळ, दुसरा तुमच्या घराच्या दाराशी. दोघांकडच्या उपकरणांतून गाडी आणि किल्ली यांचा संवाद लांबवर पोचवला जातो. गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे. दार उघडतं, अलार्म आपणहून बंद होतो, इंजिन सुरू होतं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेल्सवर हे करून दाखवलं. दहाही फसली. त्यानंतर जर्मनीतल्या एडीएसी या मोटार क्लबने शेकडो मॉडेल्स तपासली आहेत, आणि बहुतेक गाड्या अशाच उघडल्या.

नव्या गाड्यांतल्या अल्ट्रा-वाइडबँड किल्लीने हे बरंच अवघड होतं. ती सिग्नलला यायला लागलेला वेळ मोजते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते, त्यामुळे लांबून आणलेला सिग्नल उशिरा पोचतो आणि पकडला जातो. तुमची गाडी जुनी असेल तर कीलेस बंद करता येतं का ते वर्कशॉपमध्ये विचारा. नाहीतर किल्ली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. चकलीचा रिकामा डबाही चालेल, पण डबा हातात घेऊन गाडीपाशी जा आणि दार उघडतंय का ते बघा. उघडलं, तर तो डबा चकलीसाठीच ठेवा.

तीस सेकंद आणि शेजारी

जर्मनीत बाहेरून बसवलेल्या अलार्मवर मंजुरीची खूण हवी: वर्तुळातला 'ई' आणि शेजारी देशाचा क्रमांक. १ म्हणजे जर्मनी. ही खूण नसलेला, ऑनलाइन मागवलेला स्वस्त सायरन बसवलात, तर तपासणीत आणि विम्यात दोन्हीकडे त्रास. या नियमांनुसार एका वेळी सायरन २५ ते ३० सेकंदच वाजतो. दिवे पाच मिनिटांपर्यंत लुकलुकू शकतात. पण सेन्सर चुकीचा असेल तर तो पुन्हा पुन्हा वाजणार, आणि रात्री दहानंतर कुणीतरी पोलिसांना फोन करणार. गाडी उचलून न्यावी लागली तर खर्च तुमच्या माथी.

शेजाऱ्यांचा विचार आणखी एका कारणासाठी करायला हवा. इयन एयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लपवलेल्या ट्रॅकरचा अभ्यास केला. ट्रॅकर कोणत्या गाडीत आहे हे चोराला दिसत नाही, म्हणून त्या शहरातल्या सगळ्याच गाड्यांच्या चोऱ्या कमी झाल्या. अलार्मचा स्टिकर किंवा स्टिअरिंगवरचा लोखंडी दांडा हे दिसणारे उपाय. ते चोराला पुढच्या गाडीकडे ढकलू शकतात. तुमच्या पुरता फायदा होतो, गल्लीचा होईलच असं नाही.

विमा: खरी परीक्षा इथे

अनिवार्य 'हाफ्टफ्लिश्ट' विम्यात तुमच्या गाडीची चोरी येत नाही. त्यासाठी 'टाइलकास्को' हवा. गाडी गेली तर तो त्या दिवशीची बाजारातली किंमत देतो, पण लगेच नाही. तक्रार दिल्यावर साधारण महिनाभर थांबावं लागतं आणि सगळ्या किल्ल्या जमा कराव्या लागतात. जुनी गाडी घेताना दुसरी किल्ली मागून घ्या, ती याचसाठी. नुसत्या खोडीपायी कुणी छत फाडलं, तर ते टाइलकास्कोत येत नाही, 'फोलकास्को'त येतं. आणि सीटवर ठेवलेला लॅपटॉप? तो सहसा दोन्हीकडे नसतो.

इंग्रजी व्हिडिओंत एक सल्ला हमखास ऐकू येतो: कन्व्हर्टिबल लॉकच करू नका, म्हणजे चोर छत न कापता दार उघडून बघेल आणि जाईल. नव्या छताचा खर्च हजारांत जातो, त्यामुळे तर्क पटतो. पण जर्मनीत हे करू नका. वाहतूक नियमांचं कलम १४ सांगतं की गाडी सोडताना ती अनधिकृत वापरापासून सुरक्षित केलीच पाहिजे. आणि विमा कायद्याच्या कलम ८१ नुसार मोठा निष्काळजीपणा दिसला तर कंपनी पैसे कापू शकते. 'निष्काळजीपणाचा मुद्दा काढणार नाही' असं पॉलिसीत लिहिलेलं असलं, तरी त्यातून चोरी बऱ्याचदा वगळलेली असते. छत उघडं ठेवून आइस्क्रीम आणायला जाणं वेगळं, रात्रभर तसंच ठेवणं वेगळं.

हिवाळ्यातली बॅटरी

बरेच जण अशा गाडीला 'सेझोनकेनत्साइशन' घेतात, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर असे ठरावीक महिनेच चालणारी नंबरप्लेट. उरलेल्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा कुंपणाच्या आवारात ठेवावी लागते, आणि विमा तिथेच लागू राहतो. अलार्म मात्र झोपेतही थोडी वीज खातो. चार-पाच महिने उभ्या गाडीची बॅटरी त्याने संपते. चार्जर लावून ठेवा.

मग ठरवायचं कसं?

पैसे मोजके असतील तर आम्ही या क्रमाने खर्च करू. आधी टाइलकास्को आणि दोन्ही किल्ल्या. मग कीलेसचा बंदोबस्त, त्याला जवळजवळ काहीच लागत नाही. मग रोजची सवय: गाडीत काही ठेवायचं नाही, ग्लव्ह बॉक्स रिकामा आणि उघडा. त्यानंतर लपवलेला ट्रॅकर. आणि गाडी रोज रस्त्यावरच राहणार असेल, तर रडार आणि कल मोजणारा सेन्सर असलेला, मंजुरीची खूण असलेला अलार्म. बसवल्याचं बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला कळवा.

गाडी बंद गॅरेजमध्ये राहत असेल तर अलार्मचे पैसे वाचवा. त्यात आल्प्सची एक छान सफर होईल, छत उघडं ठेवून.