मोटारीचा विमा : कंपनीची निवड कशी करावी?



बिलोलीसारख्या सीमेलगतच्या भागात मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. रुग्णाला नांदेडला न्यावयाचे असो वा लग्नकार्यासाठी मांजरा ओलांडून बोधनला जावयाचे असो, अनेक कुटुंबे तिच्यावरच विसंबून असतात. तथापि, विम्याची मुदत संपत आली की आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : सर्वांत स्वस्त कोण? हा प्रश्न अपुरा आहे.

विम्याचे दोन भाग असतात. पहिला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या वाहनामुळे इतरांची जी हानी होईल तिचा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार तो सक्तीचा असून त्याचा मूळ दर शासन ठरविते. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीस वार्षिक २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या मोटारीस ३,४१६ रुपये, असा दर आहे. त्यामुळे या भागात कंपन्यांची तुलना करण्यासारखे फारसे काही नाही. हा विमा तेलंगणातही तितकाच ग्राह्य असतो.

दुसरा भाग स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. त्याचे दर १ जानेवारी २००७पासून खुले झाले. खरी तुलना येथेच करावयाची, आणि ती पुढील मुद्द्यांवर.

पहिला मुद्दा, विमा उतरविलेली किंमत. चोरी झाल्यास वा मोटार दुरुस्तीपलीकडे गेल्यास हीच रक्कम भरपाईचा आधार असते. दोन ते तीन वर्षे जुन्या मोटारीसाठी मूळ किमतीतून ३० टक्के घसारा वजा करतात. म्हणजे आठ लाखांच्या मोटारीची किंमत ५,६०,००० रुपये होते. एखाद्या कंपनीने ती ४,८०,००० धरली, तर हप्ता कमी दिसेल. परंतु प्रसंगी ८०,००० रुपयांचा तोटा आपल्या पदरी येईल. म्हणून सर्व कंपन्यांकडून एकाच किमतीवर दर मागावेत.

दुसरा मुद्दा, घसारा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर व बॅटरी यांच्या बदलीचा निम्मा खर्च मालकाला सोसावा लागतो. नव्या मोटारीला शून्य घसाऱ्याची जोड घेणे बहुधा हिताचे ठरते.

तिसरा मुद्दा, पुराचे पाणी. ऑगस्ट २०२५मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात पुराने केलेला हाहाकार आपण विसरलेलो नाही. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते. मात्र पाण्यात उभी असलेली मोटार सुरू केल्याने इंजिन निकामी झाले, तर ते सहसा येत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड असते. पाणी शिरलेली मोटार सुरू करू नये, ती ओढून न्यावी.

चौथा मुद्दा, गॅरेज. कंपनीची यादी कितीही मोठी असो, आपल्या उपयोगाचे विनारोकड गॅरेज नांदेडला, निजामाबादला किंवा त्याहून जवळ आहे काय, हे प्रत्यक्ष फोन करून विचारावे.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षी २० टक्के असून ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढते. ती मालकाची असल्याने कंपनी बदलली तरी टिकते. परंतु मुदत संपून ९० दिवस उलटले की जाते.

आणखी एक सावधगिरीची सूचना. खाजगी मोटारीतून भाडे घेऊन लग्नाचे वऱ्हाडी वा यात्रेकरू नेल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. शेजारधर्म म्हणून कुणाला नेणे निराळे, भाडे घेणे निराळे.

दावा अन्यायाने नाकारला गेला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास वा समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

तेव्हा, बंधुभगिनींनो, यंदा विम्याचे नूतनीकरण करताना निदान तीन कंपन्यांची दरपत्रके घ्या, समान किंमत व समान जोडण्या धरून ती शेजारी शेजारी ठेवा, आणि मगच सही करा. हप्त्यात वाचलेले हजार रुपये संकटाच्या दिवशी फार महाग पडू शकतात.