फोर्टला पुन्हा गिऱ्हाईक हवंय

हुतात्मा चौकाच्या मेट्रो स्थानकातून वर आलं की चार पावलांवर फ्लोरा फाउंटन दिसतं. १८६४ चं हे कारंजं डागडुजीनंतर २०१९ मध्ये पुन्हा थुईथुई उडू लागलं. आजूबाजूला हायकोर्टाकडे निघालेले काळ्या कोटातले वकील, दगडी कमानींखालच्या टपऱ्या, फूटपाथवर मांडलेली जुनी पुस्तकं. सकाळी अकरा वाजता फोर्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की याच गल्ल्या सामसूम होतात.

एकेकाळी मुंबईचा धंदा म्हणजे हाच परिसर. शेजारच्याच, समुद्र हटवून उभ्या केलेल्या नरिमन पॉइंटची कार्यालयीन भाडी १९९० च्या दशकात जगातल्या सर्वांत महागड्या भाड्यांत गणली जात. मग ओघ उत्तरेकडे वळला. एमएमआरडीएने विकसित केलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) राष्ट्रीय शेअर बाजार गेला, सेबी गेली. ऑपेरा हाऊसच्या हिरे व्यापाऱ्यांसाठी तिथे २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाला.

का गेले सगळे? नोकरदार बोरिवली, ठाणे, कल्याणला राहायला गेले आणि कचेरी मात्र बेटाच्या टोकाला राहिली. नव्या कंपन्यांना एकाच मजल्यावर शेकडो माणसं बसवायची होती. फोर्टच्या जुन्या इमारतींत तेवढी सलग जागा नाही.

तिसरं कारण कमी बोललं जातं, पण तेच मुळाशी आहे: भाडेनियंत्रण. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. एकरकमी पागडी घेऊन नाममात्र भाड्याने दिलेल्या इमारतीतून मालकाला मिळणाऱ्या पैशात गळकं छप्पर दुरुस्त करणंही परवडेना. १९९९ च्या कायद्याने बँका आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या या संरक्षणातून वगळल्या, पण लहान भाडेकरूंचा गुंता तसाच राहिला. ज्या इमारतीचा जिना डुगडुगतो, तिथे नवा उद्योजक पैसा कशाला ओतेल?

आता वारा थोडा फिरला आहे. कोस्टल रोड झाला. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, त्यामुळे बीकेसी आणि फोर्ट एकाच गाडीने जोडले गेले. रिझर्व्ह बँकेने नरिमन पॉइंटचा ४.१६ एकरांचा भूखंड सुमारे ३,४७२ कोटींना घेतला. एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना घ्यायला राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

हे दोन्ही व्यवहार सरकारी तिजोरीशी जोडलेले आहेत. खासगी गुंतवणूकदार यायचा तर त्याला चालण्याजोगा फूटपाथ, दुरुस्त इमारत आणि संध्याकाळी सातनंतरही जागी राहणारी गल्ली दिसली पाहिजे. दादाभाई नौरोजी मार्गावर याची चुणूक दिसली होती. तिथल्या दुकानदारांनी कमानी झाकणाऱ्या अवाढव्य पाट्या उतरवून नियमात बसणाऱ्या नेटक्या पाट्या लावल्या, आणि दगडी कोरीवकाम पुन्हा मोकळं झालं.

मेट्रोने माणसं दारापर्यंत आणून सोडली आहेत. पागडीचा प्रश्न भाडेकरूंना रस्त्यावर न आणता सोडवणं आणि जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी मालकांच्या हाती पैसा येईल अशी सोय करणं, ही दोन कामं आता सरकारने आणि महापालिकेने हाती घ्यायला हवीत.