घशात हाड अडकलंय की केनेल कफ?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे गेलेली उधना-लिंबायत-डिंडोलीची मराठी कुटुंबं सुरतेत परततात आणि हॉस्टेलमध्ये ठेवलेल्या कुत्र्याला घरी आणतात. चार-पाच दिवस तो मजेत असतो. मग एका रात्री कोरडा, कर्कश खोकला सुरू होतो, बदक ओरडावं तसा. उबळीमागून उबळ येते. शेवटी मान पुढे ताणून तो उमासे काढतो आणि पांढरा फेस टाकतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘घशात हाड अडकलंय. तोंड उघड, मी काढतो.’’

केनेल कफ या कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याबद्दलचा सगळ्यात घातक गैरसमज हाच. हाड खरोखर अडकलं असेल तर कुत्रा पंज्याने तोंड ओरबाडतो, लाळ गाळतो, अन्न गिळू शकत नाही. केनेल कफमध्ये तो दोन उबळींच्या मधे नेहमीसारखा खातो, शेपूट हलवतो. पट्टा ओढला किंवा उड्या मारल्या की खोकला उसळतो, कारण श्वासनळीला सूज आलेली असते.

तोंडात हात न घालण्याचं आणखी मोठं कारण आहे ते रेबीजचं. या रोगाच्या एका प्रकारात कुत्रा चावायला धावत नाही. त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो आणि पाहणाऱ्याला घशात काही अडकल्यासारखंच वाटतं. लाळ हाताच्या जखमेला किंवा तोंडा-डोळ्यांना लागली तरी धोका आहे. तसं झालंच तर ती जागा वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची (जखम असेल तर साबणही लावायचा) आणि त्याच दिवशी सुरतेतलं न्यू सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालय गाठायचं. कुत्र्याचं तोंड डॉक्टरांनाच उघडू द्या.

‘थंडी लागली’, ‘गार पाण्याने अंघोळ घातली’ ही कारणंही पुष्कळ ऐकू येतात. पण हा खोकला सुरतेच्या मे महिन्यातही होतो. बोर्डेटेला ब्रॉंकिसेप्टिका हा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू, कधी एकेकटे तर कधी मिळून, तो घडवतात. माणसाच्या डांग्या खोकल्याचा जिवाणू 1906 साली ज्यूल बोर्डे आणि ऑक्टाव्ह झांगू यांनी वेगळा केला. कुत्र्यांतला हा जिवाणू त्याचाच भाऊबंद आणि बोर्डेंच्याच नावाचा. तो शिंकेतून, खोकल्यातून, सामायिक भांड्यांतून पसरतो. बंद खोलीत दहा-पंधरा कुत्री एकत्र असली की त्याला आणखी काही लागत नाही. लक्षणं साधारण दोन ते चौदा दिवसांत दिसतात, म्हणूनच हॉस्टेलमधून आणताना कुत्रा धडधाकट दिसतो.

मग औषध? धडधाकट, वयात आलेला कुत्रा बहुतेक वेळा एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. आधीच्या आजारातली अर्धी स्ट्रिप शोधून अँटिबायोटिक सुरू करणं मला अक्षम्य वाटतं. त्याची गरज आहे का, हे छाती तपासून डॉक्टर ठरवतील. बोर्डेटेलासाठी बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. आपल्या औषधाच्या डब्यातलं तर काहीच नको. अंदाजाने दिलेलं पॅरासिटामॉल यकृताला मारक ठरतं, आयब्युप्रोफेन पोटाला आणि मूत्रपिंडांना. शुगर-फ्री खोकल्याच्या औषधात झायलिटॉल असेल, तर कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने कोसळते. घरी करण्यासारखं एवढंच: गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, विश्रांती, मऊ जेवण, आणि उदबत्ती-धूपाच्या धुरापासून दूर जागा.

आपोआप बरा होतो म्हणून वाट पाहत बसणं सगळ्यांसाठी नाही. पिल्लू, म्हातारा कुत्रा, पग यांना पहिल्याच दिवशी न्या. जेवण सुटलं, ताप आला, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड आला किंवा विश्रांतीतही पोट ओढून श्वास घ्यावा लागला, तर न्यूमोनिया किंवा डिस्टेंपरची शंका येते. डोळ्यांत चिपडं आणि अंगाला झटके हेही डिस्टेंपरकडे बोट दाखवतात. पोमेरेनियनचा महिनोन्‌महिने चाललेला खोकला बऱ्याचदा हृदयाचा किंवा दबलेल्या श्वासनळीचा निघतो.

‘आमच्या कुत्र्याला नाइन-इन-वन लस दिलीय’, हे उत्तर पुरेसं नाही. त्या लशीत पॅराइन्फ्लुएन्झा आणि अॅडेनोव्हायरस असतात, बोर्डेटेला नसतो. त्यासाठी केनेल कफची लस वेगळी मागावी लागते. नाकात थेंब टाकायची लस बोर्डेटेलाविरुद्ध साधारण तीन दिवसांत काम करू लागते, पॅराइन्फ्लुएन्झासाठी तीन आठवडे लागतात. म्हणून गाडीचं तिकीट काढाल त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही जा. लस घेतलेल्यालाही खोकला होऊ शकतो, पण सौम्य.

बरा झालेला कुत्राही काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, जिवाणू सोडत राहतो. खोकला थांबल्यावर निदान दोन आठवडे त्याला इतर कुत्र्यांत सोडू नका, सोसायटीच्या दारातल्या सामायिक भांड्यातलं पाणीही पाजू नका. घरात मांजर असेल तर तिलाही लांब ठेवा. माणसाला हा संसर्ग क्वचितच होतो, पण घरात केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर त्यांनी जवळ जाऊ नये. आणि गल्लीतलं एखादं बेवारस कुत्रं तसंच खोकताना दिसलं, तर गुजरातेत 1962 हा क्रमांक फिरवा. करुणा अॅम्ब्युलन्स येते, पैसे पडत नाहीत.