मॅस्टोडॉनचे नाव

इ. स. १७०५ साली उत्तर अमेरिकेतील हडसन नदीच्या काठी, क्लॅव्हरॅक गावाजवळ, एक प्रचंड दाढ सापडली. तिचे वजन दोन किलोग्रॅमहून अधिक भरले. ज्या डच शेतकऱ्याच्या हाती ती आली, त्याला तिचे मोल कळले नाही. पेलाभर दारूच्या मोबदल्यात त्याने ती देऊन टाकली. पुढे ती न्यूयॉर्कच्या गव्हर्नराकडे गेली आणि त्याने ती लंडनला पाठविली. सोबतच्या चिठ्ठीत तिचे वर्णन 'राक्षसाची दाढ' असे होते. महाप्रलयापूर्वी पृथ्वीवर राक्षसी देहाची माणसे राहत असत, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. तेव्हा या प्राण्याचे पहिले नाव 'राक्षस' हेच म्हणावे लागेल.

पुढे १७३९ साली ओहायो नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या एका फ्रेंच सैन्यतुकडीला खाऱ्या पाण्याच्या दलदलीत अशाच हाडांचा साठा आढळला. मीठ चाटण्यासाठी रानटी जनावरे तेथे येत व चिखलात रुतून मरत. तेथील एक मांडीचे हाड, एक सुळा आणि काही दाढा पॅरिसला राजाच्या संग्रहात पोहोचल्या. दोबाँतों या शास्त्रज्ञाने १७६२ साली त्यांची तपासणी केली. हाड हत्तीच्या हाडाशी जुळत होते, सुळाही जुळत होता. परंतु दाढा काही केल्या जुळेनात. हत्तीच्या दाढेचा माथा सपाट असून त्यावर आडव्या रेघा असतात. टाकी लावलेल्या जात्याच्या पाळीसारखा तो दिसतो. या दाढांवर मात्र डोंगरांच्या रांगांसारखे बोथट उंचवटे होते. मग दोबाँतोंने हाड व सुळा हत्तीचा आणि दाढा पाणघोड्याच्या, असा निवाडा दिला. एका प्राण्याचे असे दोन प्राणी झाले!

लंडनमधील वैद्य विल्यम हंटर याला हे पटले नाही. सगळे अवशेष एकाच अज्ञात प्राण्याचे आहेत, असे त्याने १७६८ साली मांडले, आणि ते बरोबरच होते. मात्र दाढांवरील उंचवटे पाहून त्याने त्या प्राण्याला मांसाहारी ठरविले. हत्तीएवढे हिंस्र जनावर आता पृथ्वीवर उरले नसावे, याबद्दल त्याने देवाचे आभारही मानले! त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिनने एका पत्रात निराळा विचार सुचविला. एवढा अवजड देह शिकारीमागे कसा धावणार? हे उंचवटे झाडांच्या फांद्या चघळण्यासही उपयोगी पडतील, असे त्याचे म्हणणे होते. ते खरे ठरले.

येथे आणखी एका घटनेचा उल्लेख केला पाहिजे. त्याआधी काही दशके दक्षिण कॅरोलिनात अशाच मोठ्या दाढा जमिनीतून निघाल्या होत्या. त्या मॅमथच्या होत्या. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी त्या पाहताच हत्तीच्या म्हणून ओळखल्या. मार्क केट्सबी या निसर्गअभ्यासकाने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. त्या माणसांनी आपल्या देशात हत्ती पाहिले होते. विद्वान अजून राक्षसांचीच चर्चा करीत होते.

या वादामागे एक मोठा प्रश्न होता. प्राण्यांची एखादी जात समूळ नष्ट होऊ शकते काय? सृष्टीची साखळी अखंड असून तिची एकही कडी तुटणे शक्य नाही, असे बहुतेकांना वाटे. अमेरिकेचा अध्यक्ष टॉमस जेफरसन याला तर हा प्राणी पश्चिमेकडील अज्ञात प्रदेशात अद्याप हिंडत असेल, अशी आशा होती. फ्रान्समधील जॉर्ज क्यूव्हिए याने १७९६ साली भारतीय हत्ती, आफ्रिकी हत्ती आणि सैबेरियातील मॅमथ यांच्या हाडांची तुलना करून त्या निरनिराळ्या जाती असल्याचे दाखविले. मॅमथ आणि ओहायोचा प्राणी कायमचे नाहीसे झाले आहेत, हे त्याने निःशंकपणे सांगितले. नामशेष जातींचा शास्त्रीय अभ्यास येथून पायावर उभा राहिला.

आता नावाकडे वळू. रॉबर्ट कर याने १७९२ साली या प्राण्याला हत्तीच्या वंशात घालून 'एलिफस अमेरिकॅनस', म्हणजे अमेरिकेचा हत्ती, असे नाव दिले. १७९९ साली जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाख याने त्याच्यासाठी स्वतंत्र वंश केला व त्यास 'मामुट' म्हटले. हा शब्द मॅमथचाच! गंमत अशी, की त्याच वर्षी खऱ्या मॅमथला मात्र त्याने हत्तीच्या वंशात ठेवले. क्यूव्हिएने १८०६ साली दाढेवरील उंचवट्यांवरून 'मॅस्टोडॉन' हे नाव सुचविले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'स्तनाच्या आकाराचे दात असलेला' असा होतो. हे नाव लोकांच्या तोंडी बसले. परंतु प्राण्यांच्या नामकरणात जे योग्य नाव आधी प्रसिद्ध झाले असेल तेच चालते, असा नियम आहे. म्हणून शास्त्रीय नाव 'मामुट अमेरिकॅनम' असे ठरले: वंशाचा शब्द ब्लूमेनबाखचा, जातीचा करचा. मॅमथला पुढे 'मॅम्युथस' हा निराळा वंश मिळाला. दोन्ही नावे इतकी सारखी, की आजही अनेकांचा घोटाळा होतो.

वस्तुतः हे दोघे जवळचे आप्त नव्हेत. दोघेही सोंडवाल्या प्राण्यांच्या गणातील खरे. पण मॅमथ हत्तीच्याच कुलातला असून भारतीय हत्तीचा निकटचा नातलग ठरतो. मॅस्टोडॉनची शाखा दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. त्याचे कूल 'मामुटिडी' होय.

सांगाडा उभा करतानाही गोंधळ थोडे झाले नाहीत. चित्रकार चार्ल्स विल्सन पील याने १८०१ साली न्यूयॉर्क राज्यात हाडे खणून काढून फिलाडेल्फियातील आपल्या संग्रहालयात सांगाडा उभारला. त्याचा मुलगा रेम्ब्रँट याने प्राणी मांसाहारी समजून सुळ्यांची टोके खाली वळविली. आल्बर्ट कॉख याने तर मिसूरीत १८४० साली अनेक जनावरांची हाडे एकत्र जोडून एक अवाढव्य प्राणी तयार केला व तो पैसे घेऊन लोकांना दाखविला. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन याच्या नजरेतून ही युक्ती सुटली नाही. ब्रिटिश म्युझियमने तो विकत घेतला, जादा मणके व बरगड्या काढून टाकल्या, आणि आतून एक उत्तम मॅस्टोडॉन निघाला!

सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी हा प्राणी नष्ट झाला. पण त्याची नावे अजून वाढतच आहेत. कॅलिफोर्नियातील सांगाड्यांच्या दाढा इतरांपेक्षा अरुंद असल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले आणि २०१९ साली त्यांनी 'मामुट पॅसिफिकस' ही नवी जात मांडली. तोपर्यंत ती हाडे अमेरिकॅनमच्या नावानेच ओळखली जात होती.