संगणकातली कीड लपवू नका

जालन्यात मोंढ्यातले आडत दुकान असो, एमआयडीसीतला सळईचा कारखाना असो की बियाण्यांच्या कंपनीचे ऑफिस असो, हिशेबाची वही आता कॉम्प्युटरमध्ये गेली आहे. त्या कॉम्प्युटरपुढे बसणारी मुले-मुली पुष्कळदा आपल्याच घरातली असतात. बारावी किंवा बी. कॉम. व्हायचे, एमएस-सीआयटी आणि टॅलीचा कोर्स करायचा, मग ऑपरेटर म्हणून कुठेतरी चिकटायचे. आई-वडिलांनाही समाधान, की पोरगं उन्हात राबत नाही, पंख्याखाली बसून काम करतं.

पण एखाद्या सकाळी कॉम्प्युटर चालू करावा आणि एकही फाईल उघडू नये, उलट पडद्यावर ‘पैसे भरा, मगच फायली मिळतील’ अशी धमकी दिसावी, असे घडते. तेव्हा मालक पहिला प्रश्न त्या ऑपरेटरलाच विचारतो, ‘‘तू काय केलंस?’’ नोकरीच्या भीतीने मुले गप्प बसतात आणि तिथूनच खरे नुकसान सुरू होते. म्हणून हा विषय घरातल्या सर्वांनी समजून घेतला पाहिजे.

किडीचे प्रकार

नुकसान करण्यासाठीच लिहिलेल्या प्रोग्रामला मालवेअर म्हणतात. धान्यात जशी सोंडा, पोरकिडा अशी वेगवेगळी कीड, तसे याचेही प्रकार आहेत. व्हायरस दुसऱ्या फाईलला चिकटतो आणि ती फाईल उघडली की पसरतो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीवरून देशोदेशी गेला. वर्म म्हणजे अळी. तिला कोणी उघडावे लागत नाही, ती नेटवर्कमधून आपण होऊन एका यंत्रातून दुसऱ्यात जाते. ट्रोजन चांगल्या वस्तूचे सोंग घेऊन येतो. लग्नपत्रिका किंवा गाडीचे चलन म्हणून मोबाईलवर येणारी ‘एपीके’ फाईल ही त्याच जातीची. स्पायवेअर गुपचूप पासवर्ड टिपून घेते. आणि रॅन्समवेअर फायलींना कुलूप लावून खंडणी मागते.

पुण्याच्या बँकेवरचा दरोडा

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले प्रकरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी बँक. ११ ऑगस्ट २०१८ या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार वेळा पैसे काढले गेले. ती रक्कम ७८ कोटी रुपये होती. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये. तिजोरी मात्र कोणी फोडली नव्हती.

हे कसे झाले? आपण एटीएममध्ये कार्ड घातले की ‘या खात्यात पैसे आहेत का?’ ही चौकशी एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते आणि होकार आला तरच नोटा बाहेर पडतात. साहेबाकडे चिठ्ठी नेणाऱ्या शिपायासारखे या स्विचचे काम. चोरांच्या मालवेअरने तिथे आपला खोटा शिपाई बसवला. तो चिठ्ठी आत नेतच नव्हता, बाहेरच्या बाहेर ‘मंजूर’ म्हणून सांगत होता. बनावट कार्डे आधीच देशोदेशी पोचलेली होती.

बँकेने एटीएम आणि नेट बँकिंग बंद केले, पोलिसांत फिर्याद दिली. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नसून नुकसान बँकेचे आहे, असे जाहीरपणे सांगितले. पण शनिवारी एटीएमचा प्रकार लक्षात आल्यावरही सोमवारी दुसऱ्या वाटेने पैसे गेलेच. धडा हा, की एका खोलीत चोर सापडला की सगळे घर तपासावे लागते.

या प्रकरणातली आणखी एक गोष्ट आपल्या घरातल्या तरुणांनी लक्षात ठेवावी. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालाने या दरोड्याबाबत उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. तिथल्या कोणाला पुण्याच्या कोर्टात उभे राहावे लागले नाही. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. हे इथलेच लोक, बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेल्या टोळीतले. म्हणून ‘तुझं खातं दे, एटीएम कार्ड दे, कमिशन देतो’ असे कोणी म्हटले, तर तो कितीही जवळचा असो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

बंदर ठप्प झाले तेव्हा

दुसरे उदाहरण न्हावा शेवाचे. ज्या जवाहरलाल नेहरू बंदराने जालन्याजवळ ड्राय पोर्टचे काम हाती घेतले, तेच हे बंदर. २७ जून २०१७ रोजी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीवर ‘नॉटपेट्या’ मालवेअर कोसळले आणि न्हावा शेवा येथील तिच्या टर्मिनलचे काम बंद पडले. हे मालवेअर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरले होते. दिसायला ते खंडणीखोर, पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

मर्स्कने काय केले? यंत्रे नेटवर्कपासून तोडली. हल्ला झाल्याचे जगाला उघड सांगितले. माणसे कागद-पेन्सिल आणि व्हॉट्सॲपवर काम करू लागली. दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. पण सर्व यंत्रणेची ओळख सांभाळणारी माहिती जगभर पुसली गेली होती. तिची एकच प्रत वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशात. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते यंत्र नेटवर्कच्या बाहेर होते. भारनियमनात दिवस काढलेल्या आपल्या लोकांना याचे हसूही येईल आणि मर्मही कळेल. जी प्रत तारेला जोडलेली नसते, तीच वाचते.

ऑपरेटरने आणि मालकाने काय करावे

एवढ्या मोठ्या कंपनीने जे केले, ते लहान दुकानालाही करता येते. हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि वायर काढून ती डिस्क कपाटात ठेवावी. महिन्यातून एकदा ती उघडते का, हेही पाहावे. विंडोजचे अपडेट टाळू नये. मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ने ज्या फटीतून दीडशे देशांत शिरकाव केला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही मालकाच्या कानावर घालावे.

संशय आला तर प्रथम नेटची वायर काढावी, वाय-फाय बंद करावे. पडद्यावरच्या सूचनेचा फोटो काढून ठेवावा. घाईने काही पुसू नये, पेन ड्राईव्ह दुसऱ्या यंत्राला लावू नये. बँकेच्या खात्याशी संबंध असेल तर तत्काळ बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढून असे प्रकार सहा तासांत कळवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, कारण इथे प्रत्येक तासाला किंमत असते. खंडणी भरली तरी फायली मिळतीलच असे नाही.

मालकांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. चूक सांगणाऱ्या मुलाला घरी बसवले, तर पुढचा मुलगा चूक सांगणारच नाही. आणि आई-वडिलांनी आपल्या मुलांना एवढेच बजावावे: बाळा, चुकून काही उघडलं गेलं तर लपवू नकोस. आधी वायर काढ आणि त्याच मिनिटाला साहेबांना सांग.