सागरी मत्स्यपेटी आणि महाग उपकरणे : कोल्हापूरच्या परिस्थितीत एक विचार

शिवाजी पेठेतील एखाद्या जुन्या वाड्याच्या सोप्यात काचेची पेटी मांडून गोड्या पाण्यातील मासे पाळणे ही साधी गोष्ट आहे. त्यात खर्चाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. परंतु हाच हौशी गृहस्थ समुद्रातील मासे आणि प्रवाळभित्तीचा देखावा घरी आणू पाहतो, तेव्हा पाणी थंड करणारा चिलर, फेसाच्या साहाय्याने मळ काढणारा स्किमर, विशिष्ट वर्णपटाचे दिवे, कॅल्शियम थेंबाथेंबाने सोडणारे पंप अशी लांबलचक यादी त्याच्यापुढे येते. ही सामग्री खरोखर आवश्यक आहे काय, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

समुद्र जे कार्य विनामूल्य करतो, ते पेटीत करण्यासाठी उपकरण लागते. म्हणून समुद्र जितका जवळ, तितकी उपकरणांची गरज कमी. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धती प्रसिद्ध केली. सागरजल, सजीवांनी भरलेले खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांनी प्रवाळ जगविले. हे उदाहरण काटकसरीच्या समर्थनार्थ वारंवार दिले जाते. परंतु त्यांच्या साधेपणामागे उष्ण कटिबंधातील समुद्राचे सान्निध्य होते. सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या कोल्हापूरकरास प्रथम समुद्रच तयार करावा लागतो.

पाणी व क्षारता : सागरजलात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या पेटीस साडेतीन किलोहून थोडे अधिक क्षार लागतात, आणि हे मिश्रण साध्या मिठाचे असून चालत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन व इतर विद्राव्य पदार्थ काढण्यासाठी आर.ओ. यंत्राचे पाणी घ्यावे. मात्र पिण्यासाठी बसविलेल्या अनेक यंत्रांत चवीकरिता काही क्षार पुन्हा मिसळले जातात. म्हणून स्वस्त टी.डी.एस. मापकाने पाणी तपासून घेणे इष्ट होय.

बाष्पीभवनात केवळ पाणी जाते, क्षार मागे राहतात. तीस लिटरच्या पेटीतून दीड लिटर पाणी उडाले तर क्षारता ३५ वरून ३६.८ वर जाते. शंभर लिटरच्या पेटीत तेवढ्याच घटीने ती ३५.५ पर्यंतच पोहोचते. सारांश, मोठी पेटी हेच एक संरक्षक उपकरण आहे. उडालेल्या पाण्याची भर दररोज बिनक्षाराच्या शुद्ध पाण्याने घालावी आणि क्षारता अपवर्तनमापकाने पाहावी. हा मापकही ज्ञात क्षारतेच्या द्रावणाशी अधूनमधून ताडून घ्यावा. येथे केलेला खर्च वाया जात नाही.

उष्णता : प्रवाळभित्तीवरील प्राण्यांस साधारणपणे २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी हवेचे तापमान अनेकदा ३६ ते ३८ अंशांपर्यंत चढते. यावर चिलर हाच उपाय सांगितला जातो. परंतु एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. बाहेरून उष्णता आत येत नाही असे क्षणभर मानले, तर तेवढ्याने शंभर लिटर पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड व्हावे. प्रत्यक्षातील उतार याहून कमी असतो, तथापि पृष्ठभागावर वारा घालणारा लहान पंखा पुष्कळ काम करतो. कोकणातील दमट हवेत ही युक्ती दुबळी ठरते. येथील कोरड्या उन्हाळ्यात मात्र ती उपयोगी पडते. त्यातच जाड दगडी भिंतीलगतची सावलीची जागा निवडली, तर बहुतेक लहान पेट्यांस चिलर लागत नाही. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १५ अंशांच्या आसपास येते, तेव्हा हीटर लागतो. एका मोठ्याऐवजी दोन लहान हीटर ठेवावेत; एकाचा नियंत्रक बिघडून तो चालूच राहिला, तरी सारी पेटी शिजत नाही.

मलिनता : माशांच्या उत्सर्जनातील अमोनियाचे जीवाणू प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. या जीवाणूंची वसाहत उभी राहण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ कोणत्याही किमतीचे यंत्र विकत घेऊन टाळता येत नाही. पुढे समजा, आठवड्यास लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते आणि दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलले जाते. मग नायट्रेट २० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावते. मासे दुप्पट केले तर ते ४० होते. स्किमर हे उत्तम साधन आहे, कारण सेंद्रिय मळ कुजण्यापूर्वीच तो बाहेर काढतो; परंतु मोजके मासे ठेवणाऱ्यास त्याचे काम एका बादलीने साधता येते.

प्रकाश व प्रवाळ : सर्वांत महाग सामग्री म्हणजे तीव्र दिवे आणि कॅल्शियमचे पंप. भित्ती बांधणाऱ्या कठीण प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा प्रवाळास मिळतो. सांगाडा वाढविण्यास प्रवाळास कॅल्शियम लागते. ही उपकरणे मुख्यतः अशा प्रवाळांकरिताच आहेत. केवळ मासे पाळणाऱ्यास साधा दिवा पुरतो. आणि येथेच प्रश्नाचे स्वरूप पालटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. त्यांना पकडणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. मालवणचा किनारा आणि विजयदुर्गासमोर खोल समुद्रातील आंग्रिया बँक येथे आपलेही प्रवाळ आहेत; त्यांचे स्थान तेथेच आहे. जो प्राणी घरी आणताच येत नाही, त्याच्यासाठी उंची दिवा घेण्यात अर्थ तो कोणता?

तेव्हा भित्तीचा आकार भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र तुकड्यांनी साधावा. त्यांवर जीवाणूही वसतात. मासे निवडताना समुद्रातून धरलेल्यांपेक्षा पैदास केलेले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र भारतात सिद्ध केले आहे.

वीज : २६ अंश तापमानाच्या सागरजलात लिटरमागे ७ मिलिग्रॅमहूनही कमी प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यात तो याहून अधिक असतो. म्हणून प्रवाह बंद पडताच सागरी मासे लवकर गुदमरतात. २०१९ व २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर शहराच्या काही भागांतील वीज गेली होती, हे येथील लोक विसरलेले नाहीत. अशा वेळी महाग चिलर व दिवे निरुपयोगी होत. बॅटरीवर चालणारा छोटासा हवेचा पंप मात्र मासे वाचवितो.

यावरून खर्चाचा क्रम असा लागतो : प्रथम शुद्ध पाणी व चांगले क्षारमिश्रण, नंतर मापनाची साधने, त्यानंतर वीज गेल्यास उपयोगी पडणारी जोड, आणि सर्वांत शेवटी मोठी यंत्रे. हा क्रम उलटा केला, तर यंत्र बिघडल्याचा भुर्दंड मालकास पैशात आणि माशास प्राणाने भरावा लागतो.