लांडोर बंगल्याच्या वाटेवर

खान्देशाला समुद्र नाही. सुटी लागली की धुळ्याचा माणूस कोकणाची, नाही तर गोव्याची भाषा बोलू लागतो. टेकडीवर एखादा जुना साहेबी बंगला असावा, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या असाव्यात, हातात चहाचा कप आणि समोर निळे पाणी! आपल्याकडे काय आहे? ऊन, धूळ आणि कापसाच्या गाड्या, असा उसासा मग हमखास निघतो. तो ऐकला की मला लळिंगच्या डोंगरातला लांडोर बंगला आठवतो. समुद्र तेवढा नाही. बाकी सारे आहे. आणि या बंगल्याजवळ जे आहे, ते कोकणातल्या कोणत्याही बंगल्याजवळ नाही.

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावच्या दिशेने निघावे. दहा-बारा किलोमीटरवर लळिंगचा किल्ला दिसू लागतो. फारुकी सुलतानांचा हा किल्ला. खाली गावात जुने हेमाडपंती देऊळ, वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी. एका बाजूला किल्ला आणि दुसऱ्या बाजूला पसरलेले कुरण, वनखात्याचे. वैशाखात हे कुरण पाहाल तर परत फिराल. वाळलेले गवत आणि तापलेले दगड. पण आषाढाच्या दोन-चार सरी पडल्या की डोंगर ओळखू येत नाही. धबधबा सुरू होतो आणि रविवारी धुळेकरांची तिकडे रीघ लागते. याच कुरणात, उंचावर, इंग्रजी अमदानीतला हा लहानसा बंगला उभा आहे. लांडोर म्हणजे मोराची मादी. पिसारा मोराचा, नाव मात्र लांडोरीचे!

साहेबाला उंच जागेचे वेड होते. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज कारभार पाहू लागला. धुळ्याची पेठ त्याने आखून वसवली. (फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच, लळिंगच्या फारुकींची हकिगत त्याच्या हातून इंग्रजीत गेली!) पुढे रस्ते झाले, जंगलखाते झाले आणि फिरतीवरच्या अधिकाऱ्यांसाठी जागोजाग बंगले उठले. खानसामा, नोंदवही, संध्याकाळचा चहा आणि गार वारा. अशा बंगल्यांचे पुढे काय होते ते आपण पाहतोच. काहींची हॉटेले झाली, काहींची कौले गळून गेली. लांडोर बंगल्याचेही तेच व्हायचे. पण झाले नाही, ते एका तारखेमुळे.

३१ जुलै १९३७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते आणि या बंगल्यात येऊन थांबले होते. धुळे तेव्हा पश्चिम खान्देश जिल्ह्याचे मुख्य ठाणे. त्या वर्षाच्या आरंभी मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष यशस्वी झाला होता. मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा निकाल हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूने लागला होता. पुढे सप्टेंबरमध्ये ते विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडणार होते. एवढ्या धामधुमीतला हा लळिंगचा थांबा.

एक मोठा माणूस एका बंगल्यात थांबला, यात एवढे विशेष काय, असे कोणी विचारील. विशेष काय ते कळायला आठ वर्षे मागे, आणि धुळ्यापासून रेल्वेने जवळच असलेल्या चाळीसगावला जायला हवे.

१९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी एक समिती नेमलेली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि खान्देश त्यांच्या वाट्याला आला होता. चाळीसगाव-धुळे मार्गावरच्या एका गावात बहिष्काराचे प्रकरण घडले होते. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाड्यातली मंडळी हार घेऊन स्टेशनवर आलेली. वस्ती दोनेक मैलांवर. बाहेर टांगे भरपूर, तरी तासभर कोणी हलेना. शेवटी एक टांगा आला, निघाला आणि नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला. चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह खाली नदीत गेला. त्यांचा पाय मोडला.

रोज त्याच फरशीवरून टांगे सुखरूप जात-येत असताना आजच असे का व्हावे? मागाहून उलगडा झाला. अस्पृश्य उतारूला नेण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे वस्तीला पटत नव्हते. अखेर तोड निघाली: टांगा भाड्याने देतो, हाकणार मात्र नाही! मग वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने जन्मात कधी टांगा हाकला नव्हता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या आठवणींत बाबासाहेबांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. आपल्या लोकांवर राग नाही, रडगाणे नाही. एक टांगेवाला आणि एक बॅरिस्टर, यांत समाज कोणाला वर मानतो, एवढेच ते दाखवतात.

त्याच खान्देशात, आठ वर्षांनी, तेच बॅरिस्टर कोर्टाच्या कामासाठी येतात आणि सरकारी बंगल्यात उतरतात. मधल्या काळात टांगेवाल्यांचे मन पालटले होते, असे मुळीच नाही. गावोगावच्या हॉटेलांत अस्पृश्यांची कपबशी तेव्हाही बाहेर, वेगळी ठेवलेली असे. पण सरकारी इमारतीच्या दाराशी कायद्याची बाजू होती. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कौन्सिलने सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टे, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे म्हटले होते. त्याच आधारावर महाडची लढाई उभी राहिली. साहेबाने आपल्या सुखासाठी बांधलेली जागा अशी भलत्याच कामी आली! टेकडीवरच्या व्हरांड्यात निवांत बसणे ही आपल्याला रविवारची चैन वाटते. त्या काळी त्या निवांतपणामागे केवढा झगडा होता, हे ध्यानात घेऊन ती पायरी चढावी.

म्हणूनच दर वर्षी ३१ जुलैला लळिंगच्या कुरणात माणूस मावत नाही. खान्देशातून, नाशिककडून लोक येतात. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, भीमगीतांचे आवाज, पुस्तकांची दुकाने. पाऊस असतोच, छत्र्या असतात, नसतात. चिखल तुडवत, लेकरे खांद्यावर घेऊन माणसे चढतात. बंगला तसा साधा. कोरीव काम नाही, भव्य कमानी नाहीत. पण या गर्दीने त्याला जे दिले ते कोणा कारागिराला देता आले नसते. धुळे शहरातला जुना ट्रॅव्हलर्स बंगलाही आता संदेशभूमी म्हणून लोक जपतात.

एक गोष्ट खटकते. धबधब्यावर येणारा रविवारचा धुळेकर आणि ३१ जुलैला येणारी गर्दी यांची फारशी गाठ पडत नाही. एकाला डोंगर ठाऊक, दुसऱ्याला तारीख. शाळांच्या सहली किल्ला दाखवतात, फारुकींची नावे सांगतात आणि कुरणाकडे पाठ करून परत फिरतात. चाळीसगावच्या त्या फरशीचे तर नावही पुष्कळांनी ऐकलेले नसते. एरवीच्या दिवशी जायचे असेल तर वनखात्याकडे आधी चौकशी करावी, पाणी बरोबर न्यावे आणि कागद-पिशव्या तिथे टाकू नयेत. मोर आवाजाने बुजतात.

वर उभे राहिले की समोर खान्देश पसरलेला दिसतो. पावसाळी उजेडात, ढगांच्या सावल्या सरकत असताना, ती हिरवी सपाटी खरोखर पाण्यासारखी हलते. आणि समुद्राचाच हट्ट असेल तर, इथले पाणी या ना त्या नाल्याने तापीलाच मिळते. तापी ते सुरतेपाशी अरबी समुद्रात नेऊन सोडते.

एका ३१ जुलैला गर्दीत माझ्या पुढे एक आजी होत्या, बरोबर सात-आठ वर्षांची नात. आजींनी पायरीला हात लावला, तो कपाळी नेला. नात मात्र चौकस. बाबासाहेब कोठे बसले, कोठे झोपले, चहा कोठे प्यायले, असे एकेक विचारीत होती. आजी क्षणभर थांबल्या, त्यांनी व्हरांड्याकडे पाहिले आणि ठामपणे म्हणाल्या, “आठेच पिधा व्हई, बेटा. आठेच.”

खाली रस्त्यावर आल्यावर आम्ही टपरीवर चहा सांगितला. नात कपात फुंकर घालत होती आणि पाठीमागून आग्र्याकडचे ट्रक भिजत चालले होते.